अडतीस सेंटिमीटर

आमच्या समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय नेहमी एकच असे : मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. त्याला अर्धा मिनिटही लागत नसे. अध्यक्ष चष्मा कपाळावर सरकवून विचारीत, "कायम ना?" टेबलाभोवतीची माणसे कागद चाळता चाळता हुंकार देत आणि सदस्य-सचिव बाई समासात बरोबरची खूण करीत. मी हुंकारही देत नसे, नुसती मान हलवी. तीन वर्षांत अकरा बैठका झाल्या होत्या आणि अकराही इतिवृत्तांत माझ्या तोंडचे एकही वाक्य नव्हते.

तलाव आणि त्याच्या काठचा दलदलीचा पट्टा सरकारने संवेदनशील म्हणून जाहीर केला होता. तिथे कुठे बांधायचे आणि कुठे नाही याचा सल्ला आम्ही द्यायचा. त्यासाठी आधी एक रेषा ठरवायला हवी होती. तलावाचे पाणी चढून चढून कुठवर येते, ती रेषा. तिथून पाचशे मीटरपर्यंत वीटही ठेवायची नाही. पूर्वेचा काठ इतका सपाट आहे की पाणी वीतभर चढले तर काठ शंभर पावले मागे जातो. म्हणजे रेषा थोडी खाली उतरली की लव्हाळ्याचे आणि पाणकणसाचे सगळे रान बांधकामाला मोकळे. त्या रानात पाणपक्षी अंडी घालतात आणि माशांची पिल्ले वाढतात.

मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. तलावातल्या पाणवनस्पतींवर माझे एक छोटे पुस्तक आहे. त्याच्या एकशे चाळीस प्रती खपल्या, त्यांतल्या चाळीसेक मीच भेट द्यायला घेतल्या. पण समितीत मला घेतले ते पाण्याच्या नोंदींसाठी. आमच्या महाविद्यालयाने एकतीस वर्षांपूर्वी तलावाच्या धक्क्यावर एक मोजपट्टी रोवली. रोज सकाळी सात वाजता पट्टीवर पाणी कुठे आहे ते बघून वहीत लिहायचे. गेली वीस वर्षे हे काम एक बाई करीत आल्या. सगळे त्यांना पट्टीताई म्हणतात. धक्क्याला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांना या कामासाठी राहायला मिळाल्या होत्या. वही त्या लिहीत आणि वर्षअखेरीस मी तिचा तक्ता करी.

अकराव्या बैठकीत समितीतल्या अभियंत्याने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक पट्टीताईंच्या वहीची, दुसरी पंपघराजवळ दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या स्वयंचलित यंत्राची. ताईंची रेघ खाली होती.

"फरक सारखा असता तर समजलो असतो," अभियंता म्हणाला. "पण कधी एकतीस सेंटिमीटर, कधी सेहेचाळीस. मध्येच अडतीस. याला काही धरबंध नाही. बाई घरात बसून आकडे टाकत असाव्यात."

तो वाईट माणूस नाही. तरुण आहे, नीटनेटका आहे, आणि आकड्यांनी वेडेवाकडे वागलेले त्याला खपत नाही.

"मग झालं तर," अध्यक्ष म्हणाले. "ती वही बाजूला ठेवू. यंत्राच्या दोन वर्षांवर रेषा काढू. तीनदा मुदतवाढ घेतली आहे, बरं का. चौथ्यांदा तोंड दाखवायला मला जागा नाही."

यंत्राची दोन्ही वर्षे कोरडी गेली होती, म्हणजे त्यांवरून काढलेली रेषा खालीच येणार. हे मला माहीत होते, पण मी बोललो नाही. आणि 'अडतीस' हा आकडा मला ओळखीचा वाटला. तो नेमका कुठला, हे मला बैठकीतच आठवले की बाहेर पडल्यावर जिन्यात, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. जिन्यात, असे मी स्वतःला सांगतो. त्या वेळी मी मान हलवली होती, एवढे खरे.

इतिवृत्त आठ दिवसांनी घरी आले. सातवा परिच्छेद असा : 'धक्क्यावरील मोजपट्टीच्या नोंदी अविश्वसनीय आढळल्याने त्या विचारात घेऊ नयेत. नोंद घेणाऱ्या महिलेची सेवा समाप्त करून तिच्या ताब्यातील खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून घ्याव्यात व खोट्या नोंदींबाबत चौकशी करावी, असे सर्वानुमते ठरले.'

सर्वानुमते म्हणजे त्यात मीही आलो.

*

अकरा वर्षांपूर्वी एक मालवाहू होडी धक्क्यावर आदळली आणि जुनी पट्टी मोडली. तिचा बुंधा पाण्याखाली सिमेंटमध्ये अडकून राहिला, तो काही निघेना. तेव्हा कामगारांनी नवी पट्टी वरच्या पायरीच्या दगडाला ठोकली. नव्या पट्टीचे शून्य जुन्या शून्यापेक्षा वर गेले. मी स्वतः टेप लावून मोजले होते : अडतीस सेंटिमीटर. म्हणजे नव्या पट्टीवरच्या प्रत्येक आकड्यात अडतीस मिळवायला हवे होते.

पट्टीताईंनी विचारले होते, "मी मिळवून लिहू का, सर?"

मी म्हणालो होतो, "नको. तुम्हाला दिसेल तेच लिहा. मिळवायचं मी बघतो."

त्याच संध्याकाळी माझ्या पत्नीला इस्पितळात न्यावे लागले. चाळीस दिवस आम्ही तिथे होतो. ती बरी होऊन घरी आली, मी कामाला लागलो, आणि अडतीस मिळवायचे राहून गेले. एक वर्ष नव्हे, अकरा वर्षे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पण तीन वर्षांनी तक्ता बघताना पाणी एकदम खाली गेलेले मला दिसले, आणि मी हुरळून गेलो. तलाव आटतो आहे, असा मी एक लांबलचक लेख लिहिला. वरच्या अंगाचा गाळ, उपसा, बदललेले वारे, सगळी कारणे शोधली. माझ्या आयुष्यात कौतुक झालेला तो एकच लेख. तलावावर ज्याने कोणी पुढे काही लिहिले त्याने त्या लेखाचा आधार घेतला. समितीत माझी वर्णी लागली तीही त्यामुळेच. आटलेले ते पाणी म्हणजे माझ्याच विसरभोळेपणाचे अडतीस सेंटिमीटर होते.

हे सगळे मला आता आठवत होते. पण आठवते ते खरे कशावरून? जुनी वही मी चार चार वेळा चाळली. त्या महिन्यात माझ्या हस्ताक्षरात कुठेच काही नाही. अपराधी माणसाचे डोके काय वाटेल ते रचते, असेही मी कुठेसे वाचले आहे.

पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी पत्नीला सांगितले. ती खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग सांगा ना उद्या त्यांना," ती म्हणाली.

"सांगेन."

"कोणाला? आरशाला?" तिने उशीचा अभ्रा झटकला. "अहो, बसमध्ये आपला थांबा आला तरी तुम्ही 'थांबवा' म्हणत नाही. पुढच्या थांब्यावर उतरता आणि चालत मागे येता. मी सोबत असले तर मलाही चालवता."

"तेव्हा तू आजारी होतीस म्हणून ते राहिलं," मी हळूच म्हणालो.

घडी घालणारे हात थांबले. "हे बघा, माझं दुखणं माझ्यापुरतं पुरे झालं. ते त्या कागदात घालायचं नाही. चाळीस दिवस मी आजारी होते. उरलेली अकरा वर्षं कोण आजारी होतं?"

मी चपला घातल्या आणि धक्क्याकडे निघालो.

*

तिथे मी कशाला गेलो, हेही लिहायला हवे. पट्टीताईंची समजूत काढायला म्हणून गेलो, असे मला वाटेत वाटत होते. पण दार दिसू लागल्यावर कळले की मला एकच गोष्ट बघायची आहे : त्यांना ते अकरा वर्षांपूर्वीचे बोलणे आठवते की नाही. आठवत नसेल तर ते आठवणारा जगात मी एकटाच.

दाराशी दोन बोचकी बांधून ठेवली होती. आत खाटेवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या नव्वदीच्या घरातल्या, कानाने अधू, जिभेने नव्हेत.

"कोण गं? खोल्या खाली करणारे आले का?"

"नाही, आई. सर आहेत."

"कोण?"

"सर! वहीवाले!"

"मग बस म्हणावं. बसायला अजून जागा आहे."

मी स्टुलावर बसलो. पट्टीताई जमिनीवर भांडी कागदात गुंडाळत होत्या. पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची त्यांची सवय.

"दोन आठवडे झाले, पट्टी बघू नका म्हणून सांगून," त्या म्हणाल्या. "ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, वही जमा करा. मी म्हटलं, वही सरांची आहे, सरांना देईन."

"तुम्ही... बघत नाही मग?"

"बघू नका म्हणाले ना? मग नाही बघत. परवा बाजारात एकजण म्हणाला, 'काय पट्टीताई, आज घरातूनच पाणी मोजलं का?' लोक हसले. वीस वर्षं ज्यांच्या डोळ्यांदेखत सातच्या आत धक्क्यावर जाते, तेच लोक."

मी काहीतरी पुटपुटलो. काय ते मलाही ऐकू आले नाही.

"तुमचा तो लेख मी वाचला होता, सर," त्या एकदम म्हणाल्या. "तलाव आटतो म्हणून लिहिला होतात तो. तेव्हाच मनात आलं होतं, की ते अडतीस मिळवले नाहीत की काय सरांनी? पण म्हटलं, सर शिकलेले. मिळवूनच लिहिलं असणार. आपण कोण विचारणार?"

त्यांना आकडासुद्धा आठवत होता.

आता हे खरे की माझ्या जिवातल्या एका कोपऱ्याला हायसे वाटले. म्हणजे मी रचलेले नव्हते. आणि दुसरा कोपरा, जो मी कोणाला दाखवू इच्छित नाही, तो निराश झाला.

"हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, स्वतःची चोरी सरांवर ढकलते." त्यांनी एक पातेले गुंडाळून बाजूला ठेवले. "आणि तुम्ही होतात ना तिथे टेबलाला. मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "काय म्हणतोय गं तो?"

"काही नाही म्हणत, आई!"

"तेच तर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि हा आपला नुसता बसलाय."

त्या मला उद्देशून बोलल्या की जगाला, कळायला मार्ग नव्हता. पट्टीताईंनी वही माझ्या हातात ठेवली आणि विचारले, "बैठक उद्याच आहे ना?" मी हो म्हणालो. त्या पुन्हा भांडी गुंडाळायला बसल्या.

*

बैठक अकराला. मी साडेदहालाच जाऊन बसलो. काय बोलायचे ते एका चिठ्ठीवर लिहून आणले होते : 'अध्यक्ष महोदय, सातव्या परिच्छेदाबाबत मला एक दुरुस्ती सुचवायची आहे.' हे वाक्य मी वाटेत तीसेक वेळा म्हटले होते. इतिवृत्त कायम होण्याआधी ते म्हणायचे होते. एकदा कायम झाले की त्यावरून आदेश निघतो, आणि मग कागद वाऱ्यासारखा हिंडतो, त्याला धरता येत नाही.

लोक आले. खुर्च्या सरकल्या. सचिवबाईंनी पाण्याच्या बाटल्या सरळ ओळीत लावल्या. अध्यक्ष घाईत होते. दुपारी त्यांना दुसरीकडे जायचे होते.

"पहिला विषय. कायम ना?"

मी तोंड उघडले. घशातून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. टेबलाभोवती हुंकार उमटले. सचिवबाईंना वाटले मला ठसका लागला, त्यांनी माझ्याकडे पाण्याची बाटली सरकवली आणि दुसऱ्या हाताने समासात खूण केली.

"दुसरा विषय. अहवालाचा अंतिम मसुदा," अध्यक्ष म्हणाले.

झाले. तीस वेळा घोकलेले वाक्य माझ्या खिशातच राहिले. आणि, हे सांगायला लाज वाटते, एक सुटकेची झुळूक आली. आता वेळ गेली. आता काही करता येण्यासारखे नाही. आयुष्यभर याच झुळुकीवर मी जगत आलो आहे.

समोर अभियंता नकाशा उलगडत होता. नकाशावर नवी रेषा तांबड्या शाईने आखली होती, लव्हाळ्याच्या रानाच्या पार खाली, जवळजवळ पाण्यातच. माझ्या मांडीवर पट्टीताईंची वही होती. मी हात वर केला. कोणी बघितले नाही. मी तो तसाच ठेवला.

"बोला, प्राध्यापक," अखेर अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात खरेखुरे आश्चर्य होते.

"सातव्या परिच्छेदाबद्दल..."

"तो कायम झाला. काही असेल तर आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

"पण तोवर अहवालावर सह्या होतील."

"घेऊ म्हटलं ना. शेवटी घेऊ."

मग मी उभा राहिलो. आमच्या समितीत कोणी उभे राहून बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटले मी बाहेर चाललो आहे. सचिवबाईंनी माझ्या वाटेतली खुर्चीही मागे घेतली.

"त्या बाईंनी खोट्या नोंदी केलेल्या नाहीत," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

आणि मी सांगितले. नीट सांगितले असे नाही. शेवट आधी सांगितला, होडी मागाहून आली, दोनदा 'अडतीस'च्या जागी 'अठ्ठावीस' म्हणालो. चिठ्ठीचा काही उपयोग झाला नाही.

"पण सर, फरक अडतीस नाहीये," अभियंता म्हणाला. "एकतीस ते सेहेचाळीस आहे."

"वारा," मी म्हणालो. "दक्षिणेचा वारा असला की पाणी पंपघराकडे लोटतं. तिकडे चढतं, धक्क्यावर उतरतं. उलट वाऱ्याला उलट."

तो थांबला. मग त्याने लॅपटॉप जवळ ओढला आणि बोटे चालवू लागला. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितले. पर्यटन खात्याचे सदस्य शेजाऱ्याला म्हणाले, "दोन वर्षं गप्प बसलेला माणूस बोलतो तेव्हा हे असं होतं." तीन वर्षे, मी मनात म्हणालो.

"सरासरी अडतीस पूर्णांक चार," अभियंता म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि वाऱ्याच्या नोंदी लावल्या तर... बसतंय. बरंचसं बसतंय. मी हे बघायला हवं होतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते निवृत्त सनदी अधिकारी. आवाज कधी चढवीत नाहीत.

"प्राध्यापक, बसा. आपण शांतपणे बघू. तुम्हाला वाईट वाटतंय ते त्या बाईंचं. बरोबर? मग आपण असं करू. चौकशीचं वाक्य काढून टाकू. सेवासमाप्ती काढू. खोल्याही राहू द्या तिच्याकडे. नोंदी अविश्वसनीय, एवढाच शब्द ठेवू. कारण द्यायलाच नको. तिचं नुकसान नाही, तुमच्या लेखाचं नाव निघत नाही, अहवाल वेळेत जातो. इथल्या इथे मिटलं."

"हे चांगलं आहे, सर," सचिवबाई हळूच म्हणाल्या. त्यांना माझी कणव येत होती.

मलाही ते चांगले वाटले. खरेच वाटले. खोल्या राहतील, सासूबाई खाटेवर राहतील, माझा लेख कपाटात राहील. मी खुर्चीचा हात धरला. बसायला एवढेच करायचे होते की गुडघे वाकवायचे.

पण 'अविश्वसनीय' हा शब्द राहणार होता. कारण न देता. मग बाजारात पाणी मोजल्याची थट्टा करणाऱ्याला कोण सांगणार? आणि तांबडी रेषाही जिथल्या तिथेच राहणार.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"नोंदी विश्वसनीय आहेत. दुरुस्ती माझ्याकडून राहिली. असंच लिहायला हवं. माझं नाव घालून."

"म्हणजे रेषा पुन्हा काढायची. चौथी मुदतवाढ."

"हो."

"आणि तुम्ही तज्ज्ञ म्हणून इथे आहात ते ज्या लेखावर, तो चुकीचा, असं तुम्ही लेखी देणार?"

"हो." माझा आवाज चिरकला. कोणी हसले नाही.

अध्यक्षांनी बोटांनी टेबलावर ताल धरला. "या सगळ्याला पुरावा काय? तुमची आठवण?"

मी म्हणालो, आठवणीवर माझाही फार भरवसा नाही. पण जुन्या पट्टीचा बुंधा पाण्याखाली असायला हवा. त्यावर शून्य कोरलेले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आजच बघा. अभियंता येतील. अडतीस निघाले तर परिच्छेद बदलू. नाही निघाले तर तो आहे तसा राहील, आणि समितीची दिशाभूल केल्याबद्दल त्यात तुमचंही नाव येईल. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. अकरा वर्षांत तो बुंधा वाहूनही गेला असेल.

*

दुपारी तीनला अभियंता, त्याचा एक मदतनीस, सचिवबाई आणि मी धक्क्यावर उभे होतो. पाणी गढूळ होते. मदतनीसाने बांबूने दगडाखाली चाचपले. नुसता चिखल वर आला. पुन्हा चाचपले. अर्धा तास गेला. अभियंत्याने माझ्याकडे बघितले नाही, यावरून तो काय विचार करतो आहे ते मला कळले.

"इथे नक्की होता ना, सर?" त्याने विचारले.

"मला वाटतं..."

मागून पट्टीताईंचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. "तिथे नाही. चार हात डावीकडे. होडीने तिरका केला होता तो."

"तुम्हाला माहीत होतं?" सचिवबाईंनी विचारले.

"रोज तिथेच कपडे खळबळते मी, पायाला लागतो तो. कोणी विचारलं का?"

त्या पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात शिरल्या. वाकून हात खाली घातला, दोन ओंजळी चिखल बाजूला फेकला आणि म्हणाल्या, "हा इथे. शून्य बोटाला लागतंय. धरा तुमची काठी."

अभियंता बूट न काढताच पाण्यात उतरला. त्यांच्या बोटापाशी त्याने मापाची काठी टेकवली, ती ओळंब्याने सरळ केली, मग नव्या पट्टीच्या शून्याशी आडवी पातळी लावली. तिच्या काचेतला बुडबुडा इकडे तिकडे हलत राहिला. मी दुसरीकडे बघत होतो.

"एकोणचाळीस," तो म्हणाला. मग पुन्हा लावून बघितले. "एकोणचाळीसच."

"बघा," पट्टीताई पाण्यातून म्हणाल्या, "एक सेंटिमीटर सरांनी तेव्हाही हरवलाच."

सचिवबाईंना हसू आवरेना. अभियंता ताईंच्या समोर पाण्यात उभा होता, पँट मांडीपर्यंत भिजलेली. "मी बैठकीत तुमच्याबद्दल चुकीचं बोललो," तो म्हणाला. त्या त्याच्या कपाळाकडे बघत म्हणाल्या, "ते बैठकीतच बोला मग. इथे मासेच ऐकतायत."

सचिवबाईंनी धक्क्यावरूनच अध्यक्षांना फोन लावला. त्या पलीकडचे ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "परिच्छेद बदलायचा. तुमचं निवेदन आज संध्याकाळपर्यंत हवं. आणि..." त्या घुटमळल्या.

"राजीनामा," मी म्हणालो. "देतो. दोन्ही एकाच कागदावर चालतील?"

"वेगळे द्या," त्या म्हणाल्या. "फायली वेगळ्या आहेत."

आतून सासूबाई ओरडल्या, "काय ठरलं गं? बोचकी सोडू का?"

"सोडा, आई!"

ते सगळे गेल्यावर मी वही घेऊन पायरीवर बसलो. पट्टीताई पदर पिळत शेजारी उभ्या राहिल्या. वहीत शेवटच्या पानावर पंधरा ओळी कोऱ्या होत्या. एकतीस वर्षांत अशी फट नव्हती. माझ्यातला तक्तेवाला काही गप्प बसेना.

"ताई, यंत्राचे आकडे आहेत, वाराही माहीत आहे. तुम्ही पाणी येताजाता बघितलंच असेल. अंदाजाने जर..."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पट्टी बघितली नाही. बघितलं नाही ते लिहायचं नाही. तेच मी करते म्हणून तर ठरवलं होतं तुम्ही सगळ्यांनी."

तुम्ही सगळ्यांनी. मी मान खाली घातली.

"आज बोललात ते बरं केलंत, सर," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सातला मी पट्टीवर असेन. पण मी तुम्हाला शाबासकी देणार नाही. पंधरा दिवस मी मान खाली घालून बाजारात गेले. ते तुम्हाला कुठे मिळवून देता येतील?"

"नाही येणार."

"मग झालं."

मी पेन काढले. पंधरा ओळींत पंधरा आडव्या रेघा मारल्या आणि खाली लिहिले : 'या दिवसांच्या नोंदी नाहीत. नोंद घेणाऱ्या बाईंवर खोटेपणाचा आळ आला होता. चूक माझी होती.' खाली पूर्ण नावाची सही केली आणि वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी हात पुसून ती घेतली, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचली आणि मला परत दिली.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली.